पांढरीपांडे सरांची लॅटिन

आमच्या दारव्ह्यात पहाटे लॅटिन ऐकू येते. नवख्या पाहुण्याला वाटतं, शेजारी काही अनुष्ठान चाललंय. असतात ते आमचे पांढरीपांडे सर, ओट्यावर मांडी घालून, हातानं ताल धरून: "मेन्सा, मेन्साम, मेन्साए..." अर्थ एवढाच की टेबल, टेबलाला, टेबलाचं.

सरांनी जन्मभर शाळेत संस्कृत शिकवलं. निवृत्त झाल्यावर नागपूरहून लॅटिनचं एक जुनं व्याकरण आणलं आणि सगळं संस्कृतच्या चालीत पाठ केलं. "आपला अग्नी, त्यांचा इग्निस. चुलतभाऊ आहेत रे! फक्त वावरं वाटून घेतली," असं ते दूधवाल्यालाही थांबवून सांगतात.

मग दारावर पाटी लागली: 'लॅटिन शिकवण्यात येईल. वयाची अट नाही.' बारा वर्षांत आपणहून कोणी फिरकलं नाही. मी शेजारधर्म म्हणून आठ दिवस नुसता ऐकत बसलो आणि डोक्याचा पार भुगा झाल्यावर सर्दीचं निमित्त काढलं. दारव्ह्यात लॅटिन कशाला, हे मला आजही कळलेलं नाही. सरांना मात्र एकच शिष्य हवा होता. कोणीतरी आपल्यामागून म्हणावं, बस.

त्या वर्षांत कापसावर बोंडअळी अशी पडली की गावात दुसरा विषय नव्हता. एकदा लागवडीच्या तोंडावर तांड्यावरच्या शेवंताबाई ओट्याशी आल्या. रोज पहाटे त्या भाजीची पाटी घेऊन याच गल्लीतून बाजारात जायच्या. त्यांनी सरकीच्या बियाण्याची थैली सरांपुढे ठेवली.

"गुरुजी, याच्यावर तुमचा मंत्र म्हना. मांगच्या साली अळीनं एक बोंड ठेवलं नाही."

मला चहाचा ठसका लागला. ज्योतिष्याला ओट्यावरून हाकलणारे सर हे!

"बाई, हा मंत्र नाही. टेबल आहे, टेबल! यानं अळी मरत नाही. कृषी खात्यात विचारा."

"समद्यायले इचारलं. कोनी एक सांगते, कोनी दुसरं. तुमी तं रोज एकच सांगता. आता मले बी येते."

आणि डोळे मिटून बाईंनी ते टेबल अनेकवचनासकट म्हणून दाखवलं. कुठे अडखळल्या नाहीत.

सरांनी चष्मा काढला, पुसला, उलटा लावला. "वावर कुठं आहे तुमचं?"

दुसऱ्या दिवशी ते तांड्यावर गेले. संध्याकाळी परतले तेव्हा धोतर गुडघ्यापर्यंत मातीनं माखलेलं.

"सर, मंत्र म्हटला की शिकवणी घेतली?" मी विचारलं.

"मलाच कळून नाही राहिलं रे. अळी जाणार नाही, हे तिला तीनदा सांगितलं. ती म्हणे, नाई गेली तं नाई गेली, तुमी म्हना. मग बाया मातीत सरकी टोबत होत्या आणि माझ्यामागून म्हणत होत्या. नऊ बाया!" त्यांचा आवाज एकदम फुटला. "बारा वर्षांत कोणी माझ्यामागून म्हटलं नव्हतं रे."

मला हसू येत होतं आणि अळीची धास्तीही वाटत होती.

सरांनी धोतराच्या सोग्याला नाक पुसलं. "अर्धं वावर बाकी आहे," ते म्हणाले. "सकाळी तांड्याकडे पहिली जीप किती वाजता सुटते?"