लॅक्रॉसवाले बस्त्यावभाऊ

आपल्या मुलीची ओळख बस्त्यावभाऊ तुस्कानो ज्या तऱ्हेने करून देत, तशी दुसऱ्या कुठल्या बापाने करून दिल्याचं मला ठाऊक नाही. आम्ही पहिल्यांदा भेटलो ते दुबईच्या इंटरनॅशनल सिटीतल्या आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये. माझ्या खांद्यावर गादीची गुंडाळी होती. त्यांच्या शेजारी एक उंच, शाळकरी, कंटाळलेली मुलगी उभी होती.

"ही जोआना," ते म्हणाले. "पंचवीसचं मॉडेल. लेफ्ट हँड. पाच फूट नऊ. मेजर ॲक्सिडेंट नाही, एकदा फक्त मनगट."

"डॅड, आय ॲम नॉट अ कोरोला," मुलगी म्हणाली.

"कोरोला लगेच खपते," बस्त्यावभाऊ मला म्हणाले. "हिला वेळ लागणार."

रास अल खोरच्या बाजारात ते जुन्या गाड्या विकतात. गाव वसईजवळचं भुईगाव. पासपोर्टवर सेबॅस्टियन, बाजारात हबीबी, आणि आमच्या मजल्यावर बस्त्यावभाऊ. माझं ऑफिस त्याच भागात, स्पेअर पार्टच्या एका गोदामात, त्यामुळे रोज सकाळी मी त्यांच्या गाडीतून जाऊ लागलो. मी वाटेत पुस्तक वाचतो एवढ्यावरून त्यांनी मला मास्तर करून टाकलं. पण त्या गाडीत वाचणं अवघड होतं, कारण मागच्या सीटवरून एक दांडा पुढे येऊन माझ्या मानेला टोचत असे.

"हे काय आहे?" मी पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"आंबे काढायचा झेला असतो ना, लांब काठीला जाळी लावलेला? तोच. फक्त ह्यात आंब्याच्या जागी चेंडू."

त्या खेळाचं नाव लॅक्रॉस. जाळीत चेंडू झेलायचा, तो घेऊन धावायचं आणि समोरच्या गोलात फेकायचा. भारतात हा खेळ कोणी विचारत नाही, दुबईतही फारसं कोणी विचारत नाही. पण अमेरिकेतल्या कॉलेजांना तो खेळणाऱ्या मुली लागतात, आणि त्यासाठी तिथले कोच शाळकरी मुली हेरत असतात. कुठली मुलगी कुठल्या साली शाळा सोडणार, यावर त्यांची ओळख ठरते. म्हणजे मॉडेलचं वर्ष ही कल्पना बस्त्यावभाऊंची नव्हतीच. त्यांना फक्त ती ऐकताक्षणी कळली.

इमारतीत मात्र त्यांच्याबद्दल बरं बोललं जात नसे. जोआना आधी बास्केटबॉल खेळायची. चांगली खेळायची, शाळेची कॅप्टन होती. आठवीत असताना बापाने एक दिवस तिला त्यातून काढलं आणि हा झेला हातात दिला. कारण कोणालाच सांगितलं नाही. पोरगी रडली, जेवली नाही, कित्येक दिवस बापाशी बोलली नाही. बापाने बास्केटबॉलचे बूट कोणाला तरी देऊन टाकले.

मी एकदा गाडीत कारण विचारलं.

"बास्केटबॉलला गर्दी," ते म्हणाले. "बाजारात शंभर पांढऱ्या गाड्या उभ्या असल्या की तुझी कोण बघणार?"

मला ते उत्तर पटलं, आणि माणूस आवडेनासा झाला. कारण त्या घरात तिसरं कोणी नव्हतं. जोआनाची आई ती तिसरीत असताना वारली. मुलगी अमेरिकेला गेली की हा माणूस एकटा पडणार, हे आमच्या वॉचमनलाही दिसत होतं. आणि तोच तिला तिकडे पोचवण्यासाठी जिवाचा आटापिटा करत होता.

एरवी बस्त्यावभाऊ पैशाला जपून. शावरमा घेतला तरी आठ दिऱ्हम म्हणजे एकशे नव्वद रुपये, असं मोठ्याने म्हटल्याशिवाय घास घेत नसत. लॅक्रॉसचा खर्च मात्र त्यांनी कधी रुपयांत केला नाही. "ते करायचं नाही, मास्तर. छातीत दुखतं."

एका शुक्रवारी ते मला क्लबच्या मैदानावर घेऊन गेले. शहराच्या दुसऱ्या टोकाला हिरवंगार गवत, आणि कडेला पालक. वाळवंटात तेवढं गवत राखायला काय लागत असेल, याचा हिशेब त्या पालकांपैकी कोणी करत असेल असं वाटलं नाही. प्रत्येकाची घडीची खुर्ची, तिला पेला ठेवायचा खिसा, शेजारी बर्फाची पेटी. बस्त्यावभाऊ ड्रॅगन मार्टचं प्लास्टिकचं स्टूल घेऊन बसले. एक बाई दुसरीला सांगत होती की आमचं लक्ष फक्त खेळाच्या आनंदाकडे आहे. आणि सांगतानाच तिच्या मुलीचा प्रत्येक धावता पाय भाड्याने आणलेला एक फोटोग्राफर टिपत होता.

क्लबची कोच केली नावाची अमेरिकन बाई. ती स्वतः तिकडच्या कॉलेजात खेळलेली. ती ज्या मुलीबद्दल फोन करी, तिचा व्हिडिओ तिकडे उघडला जाई. बाकीच्यांचे पडून राहत.

"ह्याला इथे वास्ता म्हणतात, तिकडे नेटवर्क म्हणतात," बस्त्यावभाऊ म्हणाले. "आपण वशिला म्हणतो. तिन्ही भाषांत फोन एकच."

तो फोन व्हावा म्हणून त्यांनी केलीला कमिशन न घेता एक उत्तम जुनी जीप मिळवून दिली. केलीने मनापासून आभार मानले आणि फोन केला तो उन्हाळ्यात अमेरिकेच्या कॅम्पला जाऊन आलेल्या मुलींसाठी. मग बस्त्यावभाऊंनी भुईगावच्या घरातला आपला वाटा भावाला देऊन टाकला आणि जोआनाला कॅम्पला पाठवलं. त्या महिन्यात ते रोज संध्याकाळी माझ्या दारात येऊन, माझं वाय-फाय नीट चालतंय ना, याची खात्री करून घेत. चालत असे. तरी बसत.

व्हिडिओचीही एक कथा आहे. पहिला त्यांनी स्वतः काढला. त्यात त्यांनी जोआनाभोवती पूर्ण फेरी मारली: समोरून, बाजूने, मागून, मग बुटांचे तळवे. पार्श्वभूमीला संगीत, आणि शेवटी त्यांच्याच आवाजात "जीसीसी स्पेक". आखाती उन्हाळा सोसायला बनवलेल्या गाडीला बाजारात असं म्हणतात. केलीने तो शेवटपर्यंत पाहिला. मग म्हणाली, की कोच लोकांना नुसता खेळ हवा असतो.

"उन्हाचं तरी राहू द्या," बस्त्यावभाऊ म्हणाले. "पंचेचाळीस डिग्रीत धावते ती."

दुसरा व्हिडिओ केलीच्या माणसाने काढला. तो उघडला गेला.

मग निघालं ते आणखी नवीनच. ज्या छोट्या कॉलेजला जोआना आवडली होती, ते खेळासाठी एक पैसाही देत नव्हतं. कोच फक्त प्रवेशासाठी शब्द टाकणार. तोही आधी मार्क बघून. पैसे मिळालेच तर मार्कांवर आणि घरच्या परिस्थितीवर.

"म्हणजे आधी मार्कांचं पासिंग," बस्त्यावभाऊ म्हणाले, आणि केमिस्ट्रीची शिकवणी लावली.

मी म्हटलं, "बस्त्यावभाऊ, पैसे मार्कांचेच असतील तर हा दांडा कशाला?"

"दांडा नसता तर तिचे मार्क कोणी वाचले असते का? तूच सांग."

अमेरिकन कॉलेजांना अर्जाबरोबर एक निबंध लागतो, आणि त्या निबंधात विद्यार्थ्याच्या आयुष्यातलं एखादं दुःख लागतं. जोआनाने बास्केटबॉल लिहिलं. बाजारभाव बघून बापाने आपला आवडता खेळ कसा बदलला, हे तिने फार नेमकं लिहिलं होतं. मी स्वल्पविराम सुधारून दिले. सुधारण्यासारखं दुसरं काही नव्हतं, आणि मला तिचं म्हणणं खरंच वाटत होतं. बस्त्यावभाऊंनी एवढंच विचारलं, "इंग्लिश बरोबर आहे ना?"

मार्क पास झाले. मग तिकडच्या कोचबाईंनी जोआनाला व्हिडिओ कॉलवर भेटायचं ठरवलं. मुलाखतीत बडबडणारे आईबाप कोचना आवडत नाहीत, अशी केलीची ताकीद होती. बस्त्यावभाऊंचा स्वतःवर भरवसा नव्हता, म्हणून त्या संध्याकाळी ते माझ्या घरी येऊन बसले. आमच्या मधली भिंत पातळ. पलीकडून जोआनाचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. बस्त्यावभाऊ सोफ्याच्या टोकाला बसून आवाजावरून अंदाज घेत होते.

"हसली," ते म्हणाले. थोड्या वेळाने, "आता गप्प आहे. का गप्प आहे?"

"ऐकत असेल."

"हां. ऐकते ती. दुसऱ्यांचं ऐकते."

मग दार वाजलं. "डॅड, शी वॉन्ट्स टू से हाय. प्लीज, जस्ट हाय."

"मास्तर, तू पण चल. इंग्लिश अडलं तर." इंग्लिशमध्ये ज्या माणसाने निम्म्या आफ्रिकेला गाड्या विकल्या, तो हे म्हणत होता. मी गेलो आणि कॅमेऱ्यात येणार नाही असा दाराशी उभा राहिलो.

पडद्यावरच्या कोचबाई हसऱ्या होत्या. त्यांनी जोआनाची तारीफ केली आणि मिस्टर तुस्कानोंना काही विचारायचं आहे का, असं विचारलं. जोआनाने डोळे मिटून घेतले. पैशाबद्दल बोलायचं नाही, मॅचमध्ये किती वेळ खेळवणार ते बोलायचं नाही, हे त्यांच्याकडून तिने घोकून घेतलं होतं.

"मॅडम," बस्त्यावभाऊ म्हणाले, "डिसेंबरमध्ये मुलींना सुट्टी असते?"

कोचबाईंना ह्या प्रश्नाची अपेक्षा नसावी. लॅक्रॉस हा तिकडे वसंतातला खेळ, त्यामुळे डिसेंबरच्या मध्यावर मुली घरी जातात आणि जानेवारीत परत येतात, असं त्यांनी सांगितलं.

"आणि बास्केटबॉल?"

"ओह, दोज पुअर किड्स," कोचबाई हसल्या. त्या तर नाताळच्या आगेमागे मॅचच खेळत असतात, म्हणाल्या. एकदोन दिवस मिळाले तर मिळाले.

बस्त्यावभाऊंनी मान हलवली. बॉनेट उघडून आत सगळं ठीक दिसल्यावर हलवतात तशी. "थँक यू, मॅडम. खलास. नो मोअर क्वेश्चन."

कॉल संपल्यावर जोआना चिडली. "हू आस्क्स दॅट? शी विल थिंक आय ॲम लेझी!" आणि आपल्या खोलीत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत मी पुस्तक उघडलं नाही. ते आपणहून बोलले.

"एक लेबनानी गिऱ्हाईक होतं. पोरगी अमेरिकेत बास्केटबॉल खेळते म्हणून फोटो दाखवायचा. मोठं कॉलेज, सगळी फी माफ. नाताळच्या दिवशी माणूस माझ्याकडे गाडी बघायला आला. म्हटलं, हबीबी, आज? तर म्हणतो, घरी कोण आहे? बायको नाही, आणि पोरगी मॅचला. चार वर्षं असंच चाललंय. गाडी घेतली नाही त्याने. चहा प्यायला आणि बसून राहिला." त्यांनी आरसा नीट केला. "आमची तेव्हा आठवीत होती. कॅप्टन."

"मग त्याच आठवड्यात तिला काढलंत?"

"मग काय, वाट बघायची? बास्केटबॉलला गर्दी होती, हे खरं आहे. पण बघितलं ते डिसेंबरचंच."

तिच्या निबंधातले स्वल्पविराम मीच नीट केले होते.

जोआनाला प्रवेश मिळाला. क्लबच्या मैदानावर समारंभ झाला. मुलींनी आपापल्या कॉलेजचे शर्ट घातले, केक कापला, साखरपुड्याला काढतात तसे फोटो काढले. केलीने भाषणात नशिबाचा, मेहनतीचा आणि क्लबचा उल्लेख केला. ऑगस्टमध्ये जोआना गेली. दांडा विमानात न्यायचा होता म्हणून गाडीची मागची सीट मोकळी झाली, आणि मी निवांत वाचू लागलो. बस्त्यावभाऊ आता सकाळी फारसे बोलत नसत. संध्याकाळी वाय-फाय तपासायला येत.

नोव्हेंबर संपता संपता त्यांनी खिडकीत चांदणी लावली आणि दाराशेजारी नाताळचा गोठा मांडायला घेतला. तिकिटाचा दिवस नक्की करून ठेवला होता. मला विचारलं, कोवळी काकडी कोणाकडे चांगली मिळते, तिला कोशिंबीर आवडते. मी म्हटलं, नाताळला कोशिंबीर? "तिला आवडते," ते म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात, सकाळी रास अल खोरच्या सिग्नलला गाडी थांबलेली असताना म्हणाले, "जोआना येत नाही."

रूममेटच्या घरच्यांनी तिला सुट्टीला बोलावलं होतं. डोंगरात घर, भरपूर बर्फ. तिने बर्फ कधी पाहिलेला नाही. तिकीट महाग आहे तर उगाच कशाला, असंही तीच म्हणाली होती.

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, यल्ला, जा. गरम कपडे घे. फोटो पाठव."

"बस्त्यावभाऊ, तिला अजून माहीत नाही, बास्केटबॉल का सोडायला लावलं ते?"

"नाही."

"तिला अजून वाटतं, तुम्ही बाजारभाव बघितला."

"बरं आहे ना. हुशार बाप वाटतो."

मला राग आला. कोणाचा, ते नीट सांगता येत नाही. "माझ्याकडे नंबर आहे तिचा," मी म्हटलं. "आजच सांगतो."

एरवी रस्त्यावरून नजर न काढणारे बस्त्यावभाऊ पूर्ण वळले. सिग्नल सुटला होता, मागचा ट्रकवाला हॉर्न देत होता, तरी गाडी हलवेनात. त्यांनी माझा हात धरला.

"मास्तर, नाही हां. बिलकुल नाही सांगायचं," ते म्हणाले. "कळलं तर येईल ती."