मातीला विचारणारे दामूनाना

दामूनाना घरी आलेल्या माणसाला चहा नंतर विचारतात. आधी त्याच्या हातातली वस्तू मागून घेतात आणि ती पुरतात.

माझी त्यांची ओळख अशीच झाली. आगरदांड्याच्या वाटेवर त्यांची नारळी-पोफळीची वाडी आहे, मधल्या मोकळ्या जागेत केळी. मी आमच्या संघटनेचं 'प्लास्टिक हटवा, किनारा वाचवा' हे पत्रक घेऊन गेले होते. नानांनी ते वाचलं नाही. कुदळीनं वीतभर खड्डा केला, पत्रक आत ठेवलं, माती लोटली आणि वर काठी रोवली.

"बघू, मातीला काय वाटतं," म्हणाले.

मी भडकले. भडकणं हे आमचं कामच आहे. तीन महिन्यांनी नाना तेच पत्रक घेऊन अलिबागला आमच्या कार्यालयात हजर. पत्रकाचा कोपरासुद्धा दुमडला नव्हता.

"पोरी, तुझ्या कागदावर प्लास्टिक हाय. 'हटवा' लिवलंय, त्याच्यावरच हाय."

छापखान्यानं पत्रकावर चकचकीत आवरण चढवलं होतं, पावसात भिजू नये म्हणून. तसं मीच सांगितलं होतं. संघटनेनं या प्रकाराची गंभीर दखल घेऊन एक बैठक बोलावली आणि दोष एकमतानं छापखान्याला दिला.

त्यानंतर मी वाडीवर जाऊ लागले. विहिरीपाशी एक कोपरा आहे, तिथं नाना काहीच लावत नाहीत, नुसत्या काठ्या. प्रत्येक काठीखाली कुणाची तरी प्रतिष्ठा पुरलेली. भाच्याच्या लग्नातला 'पर्यावरणपूरक' चमचा: जसाच्या तसा. मुंबईच्या पाहुण्याचा बांबूचा टूथब्रश: "दांडा गेला, केस ऱ्हायले." एवढी सुपीक जागा अशी वाया घालवता, म्हणून मी त्यांना भाषणही दिलं. ते ऐकून घेतात. भाषण पुरता येत नाही.

पण नानांचा खरा उद्योग वेगळाच. केळीचा घड उतरवला की बुंधा निरुपयोगी. सगळं गाव तो बांधावर फेकून देतं. नाना तो उचलून आणतात. त्याची सोपटं, म्हणजे एकावर एक बसलेले थर, सुटी करायची, फळीवर बोथट सुरीनं खरवडायची, निघालेले धागे राखेच्या पाण्यात उकळायचे, वाळवायचे, पिंजायचे. त्याचा कापसासारखा मऊ गोळा होतो. तो सुती कापडात भरून, खाली मेण चोळलेलं कापड लावून नाना शिवतात ती 'घडी'. ओल शोषणारी, वापरून झाली की मातीत जाणारी.

मला त्यात क्रांती दिसली. पाळीचे पॅड, केळीच्या कचऱ्यातून. पत्रकाचा मथळासुद्धा सुचला. अडचण एकच होती. नानांची घडी हातभर लांब आणि उशीएवढी रुंद.

"नाना, लहान करा."

"न्हाय जमत."

"का न्हाय जमत?"

"बघू, मातीला काय वाटतं."

मी निदान केलं: लाज. बाईच्या पाळीचा विषय निघाला की या पुरुषांच्या जिभेला लकवा भरतो, त्यातलेच हे. तरी कचऱ्याचं सोनं दाखवायची संधी सोडवेना, म्हणून अलिबागच्या महिला मेळाव्यात त्यांना नमुन्यांच्या खोक्यासकट घेऊन गेले.

एसटीत चढल्या चढल्या कंडक्टर म्हणाला, "सुकी मासळी मागं ठेवा." मला अपमान वाटला. नानांना वाटला नाही, ते मागं जाऊन बसले. सभागृहात खोकं उघडलं आणि कारण कळलं. नानांनी पिंजायचे धागे शेजारच्या कोळणीच्या वलांडीवर वाळवले होते. बोंबील टांगायच्या त्या बांबूंवर एका बाजूला बोंबील, दुसऱ्या बाजूला क्रांती.

प्रमुख पाहुण्या बाईंनी घडी नाकाशी नेली आणि तशीच खाली ठेवली. मागच्या दारानं दोन मांजरं आली. एक सरळ व्यासपीठावर चढलं.

"ह्याच्यात बोंबील आहेत का हो?" बाईंनी माईकवर विचारलं.

"न्हाईत," नाना म्हणाले. "शेजार होता."

सभागृह हसलं. माझं पित्त खवळलं आणि ते उतरवायला माईक समोरच होता. मी सांगून टाकलं, की प्रश्न वासाचा नाही, मनोवृत्तीचा आहे. पुरुषांना अजून पाळीची लाज वाटते. हे गृहस्थ बघा, उशा शिवतील, पण बाईच्या कामाचं शिवणार नाहीत. टाळ्या पडल्या. नाना मांजराच्या पंज्यातून घडी सोडवत होते.

परतीच्या एसटीत ते एवढंच बोलले, "उद्या ये. खणायचं हाय."

मी गेले. नाना त्या काठ्यांच्या कोपऱ्यातच खणत होते. कुदळ कशाला तरी अडली. त्यांनी हातानं माती बाजूला केली. पांढऱ्या पुडक्यांचा थर होता. बाजारातले डायपर, मोठ्या माणसांचे. फुगलेले, मळलेले, अख्खे.

"आमच्या कारभारणीचे," ते म्हणाले. "अर्धांग झाला, दोन वर्सं खाटेवर होती. कचऱ्याची गाडी इथवर येत न्हाय. जाळले तर वास तिच्याकडंच जायचा. मंग पुरत गेलो."

मी खड्ड्याच्या कडेला बसले.

"लय लाजायची. कुणाच्या नजरेला पडू देऊ नका म्हणायची. रोज इचारायची, आन् मी रोज सांगायचो, मातीत गेलं, संपलं." त्यांनी त्या थरावर पुन्हा माती ओढली. "तिला जाऊन पाच वर्सं झाली. ह्ये हाय तसं हाय. रोज खोटं बोललो तिच्याशी."

आमच्या संघटनेनं या गावात घरोघर सर्वेक्षण केलं होतं. नानांचा फॉर्म मीच भरला होता. घरातील व्यक्ती: एक. पुढचा प्रश्न फॉर्मवर नव्हता, म्हणून मी विचारला नव्हता.

मग त्यांनी शेजारची काठी उपटली. पावसाआधी पुरलेली त्यांची पहिली घडी. कुदळ बाजूला ठेवून ते बोटांनी उकरू लागले. काळी भुसभुशीत माती निघाली, एक गांडूळ निघालं. बराच वेळ दुसरं काही निघेना, आणि मी नानांना इतकं घाबरलेलं कधी बघितलं नव्हतं. शेवटी हाताला दोरा लागला. शिवणीचा. घडीच्या मापाचा लांबट चौकोन, आत नुसती माती.

"दोरा फसवा निघाला," नाना म्हणाले. "दुकानदार सुती म्हणाला व्हता." त्यांनी तो बोटाला गुंडाळून खिशात टाकला. "बाकी गेलं. व्हय ना? तू बघ."

मी हात घालून बघितलं. "गेलं, नाना."

त्यांनी मान हलवली आणि केळीचा एक मुनवा, बुंध्याशी फुटलेलं कोवळं रोप, आणून त्या खड्ड्यात उभा केला. त्या कोपऱ्यातली ती पहिली लावणी. मी माती लोटली आणि सवयीनं चपलेनं दाबायला गेले.

"पायानं नको, बाय," ते म्हणाले. "हातानं दाब."