दबक्या आवाजातली तक्रार

बबडीला झोप लागली आणि डॅशबोर्डवर लाल दिवा लागला, या दोन्ही गोष्टी एकाच क्षणी घडल्या.

बबडी सव्वा वर्षाची. दाढा येत होत्या, म्हणून दोन रात्री ती स्वतः झोपली नव्हती आणि घरात दुसऱ्या कुणालाही तिने झोपू दिलं नव्हतं. गाडी सर्व्हिसिंगला द्यायची तारीख महिन्यापूर्वीच ठरलेली, बबडीचे बाबा कामासाठी परगावी, तेव्हा बबडीची आई तिला कडेवर घेऊन शोरूमच्या वेटिंग रूममध्ये तीन तास बसली होती. बसली म्हणजे चालत होती. काचेच्या भिंतीपासून पाण्याच्या मशीनपर्यंत एकवीस पावलं होतात, हे तिला आता पाठ होतं. शेवटी गाडी धुऊनपुसून समोर आली. मागच्या बाजूला बबडीची खुर्ची होती, तिच्यात बबडीला बांधलं. गाडी वर्कशॉपच्या दारातून निघून फाटकापर्यंत गेली आणि तेवढ्यात बबडीची मान कलली, तोंड उघडं पडलं, मुठी सुटल्या.

आणि समोर लाल दिवा. तोटीच्या भांड्याचं चित्र, तोटीतून थेंब पडतोय.

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, घरी जाऊन बघू. पण बबडीच्या आईने गाडीबरोबर आलेलं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं होतं. बाळंतपणात डॉक्टरांनी दिलेलं पुस्तक संपल्यावर घरात वाचायचं राहिलेलं ते एकच होतं. पान एकशे बारा: हा दिवा लागल्यास इंजिन ताबडतोब बंद करावे. तिने ताबडतोब बंद केलं. गाडी फाटकाच्या मधोमध थांबली, निम्मी आवारात, निम्मी रस्त्यावर.

तिने चारही काचा खाली केल्या, कमानीची सावली बबडीच्या तोंडावर आहे ना, हे दोनदा पाहिलं आणि चपलांचा आवाज न करता उतरली.

सर्व्हिस ॲडव्हायझर धावत आला. "काय झालं मॅडम?"

तिने तोंडावर बोट ठेवलं. मग मागच्या सीटकडे बोट दाखवलं.

"काय झालं मॅडम?" त्याने कुजबुजत विचारलं.

"ऑइलचा दिवा लागलाय."

"सेन्सर असेल. जरा पुढे घ्या, आपोआप जाईल."

"पान एकशे बारावर आपोआप जाईल असं लिहिलेलं नाही."

"बरं, निदान फाटकातून बाजूला घेऊ. चालू नका करू, आम्ही ढकलतो."

"ढकलली की हलणार. हलली की ही उठणार. उठली तर तुम्ही घेणार का कडेवर?"

ॲडव्हायझरचं लग्न व्हायचं होतं. त्याने एकदा बबडीकडे पाहिलं, आपल्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं आणि मॅनेजरला बोलवायला गेला.

मॅनेजर आडव्या बांध्याचे गृहस्थ होते. वर्कशॉपच्या खडखडाटावर मात करता करता त्यांचा आवाजच तसा झाला होता. ते फाटकाशी येईपर्यंत त्यांनी शांत राहावं म्हणून ॲडव्हायझर आणि बबडीची आई, दोघांचीही बोटं ओठांवर होती. मॅनेजरने आवाज खाली आणायचा मनापासून प्रयत्न केला. घशातून हवा तेवढी आली, शब्द आले नाहीत.

"काय म्हणतात?" तिने विचारलं.

"ते म्हणतायत, आमच्याकडून चूक होणं शक्य नाही," ॲडव्हायझरने सांगितलं.

एवढ्यात बाहेरच्या रस्त्यावरून हॉर्न वाजला. लांबलचक, हात न उचलता दाबलेला. आत यायला निघालेल्या गाड्यांची फाटकाबाहेर रांग लागली होती. बबडीची पापणी थरथरली. बबडीच्या आईने वॉचमनला खुणेने बोलावलं.

"दादा, त्यांना सांगा, बाळ झोपलंय. दोन रात्रींनी झोपलंय."

वॉचमन स्वतः रात्रपाळी करून दिवसपाळीला थांबलेला होता. झोपेचं महत्त्व त्याला कुणी सांगायला नको होतं. तो काठी काखेत मारून गेला, हॉर्न थांबला आणि तो परत आला.

"काय म्हणाले?"

"बाई म्हणतात, गाडीत काहीतरी बिघाड आहे, आत्ताच आत सोडा. मी म्हटलं, इथे सगळेच बिघाड घेऊन येतात. रांगेत राहा आणि हॉर्न वाजवू नका."

"छान केलंत," बबडीची आई म्हणाली. हे वाक्य तिला नंतर चांगलंच आठवायचं होतं.

बॉनेट उघडलं गेलं. मॅनेजरने तेल मोजायची पट्टी बाहेर काढली. पट्टी शाळेतल्या फूटपट्टीसारखी कोरडी होती. त्यांनी ती पुसली, परत घातली, परत काढली. तिसऱ्यांदा काढली तेव्हा ॲडव्हायझर म्हणाला, "दुसरी पट्टी आणू का?"

"तेल टाकलंय मॅडम," मॅनेजरला आता कुजबुज जमायला लागली होती. "जॉब कार्ड बघा. जुनं तेल काढलं, टिक. नवीन टाकलं, टिक."

"टिकवर इंजिन चालत असेल तर मी निघते."

रागावून कुजबुजणं वाटतं तितकं सोपं नसतं. ठसक्याने बोलावं तर आवाज चढतो, आवाज सांभाळावा तर लाडाने बोलल्यासारखं होतं. बबडीची आई जगातल्या सगळ्यात मऊ आवाजात एका वर्कशॉपची हजेरी घेत होती आणि लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं, चौघं मिळून अंगाई म्हणतायत.

"हे बघा," ती म्हणाली, "घरी वाटीतलं दूध संपलं आणि ते हिच्या पोटात गेलं नसेल, तर ते सोफ्यावर असतं. सोफ्यावर नसेल तर माझ्या पर्समध्ये असतं. पण असतं. तेलाचा कॅन रिकामा झालाय ना?"

"झालाय."

"माझ्या गाडीत तेल नाही. मग कुठेय?"

हा प्रश्न जॉब कार्डवर नव्हता. दोन मेकॅनिकना बोलावण्यात आलं, एक उंच, एक बुटका. बुटक्याने सांगितलं की मॅडमच्या गाडीतलं जुनं तेल आपण काढलं, नवा कॅन गाडीशेजारी आणून ठेवला आणि चहाला गेलो. उंच म्हणाला की चहाहून आलो, उजव्या हाताला पांढरी गाडी दिसली, बॉनेट उघडं, शेजारी भरलेला कॅन, म्हणून ओतलं.

"बरोबर केलंस की," मॅनेजर म्हणाले.

"पण माझी गाडी डावीकडे होती," बबडीची आई म्हणाली. तीन तास काचेच्या भिंतीशी येरझारा घालून दुसरं काय करायचं, तर बघायचं. "उजवीकडे आणखी एक पांढरी होती. अशीच. तिच्यात मी वेटिंग रूममध्ये गेले तेव्हाच तेल ओतत होतात तुम्ही."

उंच मेकॅनिकने मनातल्या मनात दोन्ही गाड्या पुन्हा शेजारी शेजारी उभ्या केल्या. मग तो हळूहळू बुटका होत गेला.

"म्हणजे त्या गाडीत दुप्पट," ॲडव्हायझर म्हणाला.

"दुप्पट तेलाने काय होतं?" बबडीच्या आईने विचारलं.

"धूर," उंच म्हणाला.

"सील फुटतं," बुटका म्हणाला.

"मग इंजिनच जातं," मॅनेजर म्हणाले.

"कुठेय ती गाडी?"

"गेली. पाऊण तास झाला."

झालं. बबडीच्या आईच्या डोळ्यांसमोर ती गाडी दिसायला लागली. निळा धूर सोडत चाललेली, मागच्या सीटवर मूल असलेली, आणि त्या मुलालाही नक्कीच दाढा येत असलेल्या. माझ्या गाडीत तेल टाका आणि मला जाऊ द्या, एवढं म्हणून ती मोकळी होऊ शकत होती. पण ते तेल तिचं होतं. "फोन करा त्यांना," ती म्हणाली.

ॲडव्हायझरने फोन केला. मॅनेजरने केला. कुणी उचलेना.

"उचलणार नाहीत ते," ॲडव्हायझर जमिनीकडे बघत म्हणाला. "आम्ही सर्व्हिसिंगनंतर विचारतो ना, दहापैकी किती गुण द्याल. गाडी गेल्यापासून त्यांना जरा जास्त फोन गेले."

"किती?"

"चौदा. सुरुवातीला ते आठ म्हणाले होते."

बबडीच्या आईने नंबर विचारून घेतला आणि स्वतःच्या फोनवरून लावला. दोन घंट्यांतच कुणीतरी उचलला. "दहा," पलीकडून आवाज आला आणि फोन ठेवला गेला.

तिने परत लावला. "दहापैकी दहा. वागणूक दहा, स्वच्छता दहा, चहा दहा. आता तरी सोडा हो." ठेवला.

तिसऱ्यांदा लावताना तिने तो आवाज काढला, जो बबडी प्लगपाशी बोट नेते तेव्हा निघतो. तो मोठा नसतो, पण त्याच्यापुढे कुणाचं काही चालत नाही. "ठेवायचा नाही फोन. गाडी आहे तिथे थांबवा."

"मी तर घरीच बसलोय," ते गृहस्थ एकदम शहाण्या मुलासारखे म्हणाले. "गाडी हिच्याकडे आहे. माझा नुसता नंबर दिलाय तिथे."

"मग त्यांचा द्या."

त्यांनी दिला. बबडीच्या आईने तो लावला. घंटी वाजत राहिली. दोन्ही मेकॅनिक तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, मॅनेजरने बॉनेटची कडा घट्ट धरली होती. शेवटी पलीकडून उत्तर आलं, तेही कुजबुजत.

"हॅलो? जरा हळू बोला हां."

"ताई, तुम्ही गाडी चालवताय का?"

"कसली चालवतेय. धूर यायला लागला म्हणून वळून परत शोरूमला आले, तर फाटकात कोण एक महामाया गाडी आडवी घालून बसलीय. वॉचमन हॉर्न वाजवू देत नाही. म्हणे बाळ झोपलंय. इंजिन बंद करून पंचवीस मिनिटं झाली, नुसती बसलेय."

बबडीच्या आईने सावकाश मान वळवली. रांगेतल्या तिसऱ्या, पांढऱ्या गाडीत पन्नाशीच्या एक काकू फोन कानाला लावून बसल्या होत्या.

तिने हात वर केला. "ती महामाया मीच."

काकू उतरून आल्या त्या भांडायच्या तयारीने. पदर नसला तरी खोचल्यासारखा वाटावा, असं त्यांचं चालणं होतं. पण गाडीपाशी येऊन त्यांनी आधी आत पाहिलं. बबडीच्या ओठांतून लाळेची तार लोंबत होती.

"दाढा?" काकूंनी विचारलं.

"दोन रात्री झाल्या."

काकूंनी मॅनेजरकडे वळून पाहिलं. भांडण त्यांनी तिथेच त्यांच्याकडे वळतं केलं. "काय करायचं ते इथेच करायचं. रस्त्यावर. आणि पाना खाली पडला तर बघा."

मग शोरूमच्या इतिहासात पहिल्यांदा वर्कशॉप गाडीकडे आलं. काकूंच्या गाडीखाली पत्र्याचा ट्रे सरकवला तो खाली गोणपाट घालून. रांगेतले दोन लोक इंजिन बंद करून बघायला आले आणि आपोआप चवड्यांवर चालू लागले. काकूंच्या गाडीतलं सगळं तेल काढून नव्याने मोजून भरलं गेलं. काकूंनी पट्टी स्वतः तपासली, गाडी चालू करून घेतली. थोडा धूर आला, मग विरला, मग आलाच नाही. काकूंनी खांदे सैल सोडले.

नंतर बबडीच्या आईची गाडी. "मॅडम, तुम्ही आत बसा," ॲडव्हायझर म्हणाला. "तेल भरलं की मी खूण करतो, मग चावी फिरवा." ती बसली. बसली म्हणजे खरोखरच बसली, दोन दिवसांत पहिल्यांदा, हातात काही नसताना आणि काळजी करायला काही शिल्लक नसताना.

उंच मेकॅनिकने कॅन रिकामा केला. बुटक्याने गाडीचा नंबर मोठ्या डोळ्यांनी दोनदा वाचला. हे बॉनेट आपटल्याशिवाय लागत नसे. मॅनेजरने ते दोन्ही तळव्यांनी, श्वास धरून, सगळं वजन टाकून दाबलं. टक. कुणी हललं नाही. ॲडव्हायझरने काचेसमोर अंगठा वर केला.

चावी फिरली नाही.

त्याने खिडकीतून वाकून पाहिलं. बबडीच्या आईचं कपाळ स्टिअरिंगवर टेकलं होतं, हॉर्नपासून दोन बोटांवर. ती घोरत होती. मागे बबडी टक्क जागी होती, ताजीतवानी, आणि मॅनेजरच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे बघून दोन्ही हात पुढे करत होती.

"उठवू का मॅडमना?" ॲडव्हायझरने विचारलं.

"हात तर लाव," काकू म्हणाल्या. त्यांनी बबडीचा पट्टा सोडवला आणि तिला मॅनेजरच्या कडेवर दिलं. "तुम्ही फिरवा हिला. बोलायचं नाही, नुसतं चालायचं."

मॅनेजर चालू लागले. फाटक ते वर्कशॉप, वर्कशॉप ते फाटक. ओळखपत्र बबडीच्या तोंडात होतं.

रांगेतल्या पहिल्या गाडीतला माणूस तणतणत आला. "अहो, बाळ उठलं की. आता तरी काढा गाडी."

"बाळ उठलं हो," वॉचमन त्याच्या कानाशी जाऊन म्हणाला. "आई झोपलीय."

त्या माणसाने एकदा खिडकीतून आत पाहिलं. मग तो आपल्या गाडीत परत गेला, त्याने रेडिओ बंद केला आणि सीट मागे पाडली.