सदतिसावा फोटो

मोबाईलवर फोटो काढायचे नाहीत, असा निर्णय मी यंदा चैत्रात घेतला. तो निदान स्वतःपुरता ठेवला असता, तर आज सासरच्या गावात लोकांनी मला तोंडावरून ओळखलं असतं. (सध्या कशावरून ओळखतात, ते येईलच पुढे.)

मी लोणावळ्यातल्या एका शाळेत हेडक्लार्क, राहायला वलवणला. पुण्याच्या जुन्या बाजारातून मी फिल्मचा एक कॅमेरा आणला आणि आठ दिवसांत उपदेश करायला लागलो. आमच्या हिच्या, म्हणजे यशोधराच्या, मोबाईलमध्ये अकरा हजार फोटो आहेत, त्यातले नऊशे चहाच्या कपांचे. मी तिला समजावलं की रोलमध्ये छत्तीसच फोटो असतात, म्हणून माणूस आधी विचार करतो आणि मग बटण दाबतो. ती म्हणाली, "तुमचा पहिला रोल धुऊन आला, त्यात एकतीस फोटो नुसते पांढरे होते. एवढा विचार कशाचा केलात?" मी म्हटलं, ते धरणावरचं धुकं आहे. (उरलेल्या पाचांत माझा अंगठा होता. तो विषय तिने काढला नाही, बिचारी.)

बुद्धपौर्णिमेला सासूबाईंनी सगळ्यांना घरी बोलावलं. सासर आंदर मावळात. एसटी येईल तेव्हा खरी, आणि उतरून पुढे अर्धा तास चालायचं. सासूबाईंचं नाव चिमाबाई, वय पंच्याहत्तर. सासरे गेल्यापासून अकरा वर्षांत त्यांची चारही मुलं एकदम घरी आली नव्हती. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी आहेत, त्यांच्या खाली सासूबाईंनी एक नवा खिळा ठोकून घेतला होता. फोनवर त्यांचं एवढंच मागणं होतं, "जावईबापू, समदी एका फोटूत पायजेत. मी हाय तवर."

अशी जबाबदारी अंगावर आल्यावर मी काय करावं? मी सगळ्यांचे मोबाईल काढून घेतले आणि कोंबड्यांच्या डालग्याखाली झाकून ठेवले. आज कुणी मोबाईलला हात लावणार नाही, आज खरा फोटो निघणार, असं जाहीर केलं. थोरले मेहुणे भिमाजी रेल्वेत आहेत, त्यांनी ड्यूटीचा फोन येईल म्हणून दोनदा विनवलं. मी ऐकलं नाही.

पस्तीस फोटो सरावात गेले. छत्तिसावा मात्र फर्मास. चौदा माणसं अंगणात उभी केली, कॅमेऱ्याला टायमर लावला आणि मीही धावत जाऊन सासूबाईंच्या शेजारी उभा राहिलो. जेवणं झाली, आणि सासूबाई म्हणाल्या, आता एक गाईसंगं काढा. रोल संपलाय हे मला माहीत होतं. पण सासूला नाही कसं म्हणायचं? मी कॅमेऱ्याचा फिल्म पुढे सरकवायचा खटका जोर लावून ओढला. आत कट्‌ असा आवाज झाला.

फिल्म तुटली होती. आता ती गुंडाळून आपल्या डबीत परत जाणार नव्हती, आणि उजेडात कॅमेरा उघडला की छत्तीसच्या छत्तीस फोटो पुसले जाणार. काढायची तर ठार अंधारात. अंधार आणायचा कुठून? कौलांच्या फटींतून घरभर ऊन. खरं सांगून टाकायला हवं होतं. पण सकाळपासून एवढं बोलून बसलो होतो, आता कुठल्या तोंडाने सांगणार? मी म्हटलं, जरा पडतो, आणि पडवीत जाऊन दोन घोंगडी डोक्यावरून ओढून बसलो. मे महिना, दुपारचे तीन.

आत फिल्म काही केल्या गुंडाळेना. हाताला घाम, नाकात लोकर. मी दात-ओठ खात म्हणत होतो, "निघ बाहेर. आज सोडत नाही तुला." बाहेर माणसं जमली होती. एवढ्या उन्हात घोंगडं घेऊन थरथरणारा, बरळणारा जावई बघून शेजारच्या सरुबाई म्हणाल्या, बाहेरचं काय असंल.

"आमच्यात तसलं काय नसतं," सासूबाई म्हणाल्या. "ताप हाय. हिराला बोलवा."

हिरा म्हणजे गावची आशा सेविका. ती आली ती डॉक्टरांना फोन लावतच. त्यांनी पेशंटचा फोटो पाठवायला सांगितला, तो तिने लगेच काढला. (तिचा मोबाईल डालग्याखाली नव्हता.) खटकन आवाज आला तसा मी आतून ओरडलो, "मोबाईल कुणी काढला?" सगळ्यांची खात्री पटली की ताप मेंदूत गेला. डॉक्टरांचं उत्तर आलं, 'फोटोत पेशंट दिसत नाही.' मग पेशंट दिसावा म्हणून सासूबाईंनी दोन्ही घोंगडी ओढून काढली.

मांडीवर दीड मीटर फिल्म आणि तिच्यावर लख्ख ऊन. जमलेली सगळी माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं, "फिल्मला ऊन दाखवत होतो."

"घोंगड्याखाली?" यशोधराने विचारलं. पण सासूबाईंना पटलं. त्यांनी ती फिल्म बाजेवर कुरडयांच्या शेजारी पसरली, उडू नये म्हणून वर खडे ठेवले आणि संध्याकाळपर्यंत दोनदा उलटून घातली. तिन्हीसांजेला सगळे आपापल्या गावी निघून गेले. मी फिल्म गुंडाळून खिशात घातली.

पुढे पंधरा दिवस त्यांचा रोज फोन, फोटू आला का? मी सांगायचो, धुणाऱ्याकडे गर्दी आहे. सोळाव्या दिवशी त्या स्वतःच वलवणला आल्या. पिशवीत नवीकोरी फ्रेम होती. ती बघितल्यावर माझ्याने खोटं बोलवेना. मी सगळं सांगितलं.

त्यांनी फ्रेम परत पिशवीत घातली. मग म्हणाल्या, "म्हंजी समदी आलती, आन्‌ कायच न्हाई?" मला इतकं वाईट वाटलं की मी पुढ्यातला चहा बाजूला सारला.

यशोधराने उठून हिराला फोन लावला. मिनिटात फोटो आला. चारही मुलं, सुना, नातवंडं, सगळी पुढे वाकलेली, सगळ्यांचे चेहरे स्वच्छ, आणि मधोमध सासूबाई घोंगड्याच्या ढिगावर हात ठेवून बसलेल्या. त्यांनी बोट ठेवून एकेकाला मोजलं आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. लोणावळ्यात अर्ध्या तासात प्रिंट मिळाली. फ्रेममध्ये बरोब्बर बसली.

मागच्या रविवारी सासरी गेलो होतो. पाणी प्यायला आलेले एक आबा खिळ्यावरचा तो फोटो न्याहाळत होते. मी शेजारीच उभा होतो, तर मलाच विचारलं, "त्यो घोंगड्यातला जावई, वाचला का मग?"

मी म्हटलं, "वाचला."

"लय मानसं जमलीती," आबा म्हणाले. "गडी चांगला असनार."

चुलीपुढून यशोधराचा आवाज आला, "तसा बरा आहे."