गोरीच्या दारात आलेली वरात

चंपतरावांना ही गोष्ट सांगायची नाही. आजही नाही. पण कोणाच्याही लग्नात पंगत उठली, सुपारी तोंडात गेली, की मागून आवाज येतोच, "ते सशाचं सांगा ना जी!" ते नाही म्हणतात. मग दुसराच कोणी उठतो आणि सगळं खोटं सांगतो. ससा मांडवात शिरला म्हणे, भटजीला चावला म्हणे. (भटजी नव्हताच. तेवढी अक्कल चंपतरावांना होती.) तेव्हा एकदाच काय ते नीट ऐका, आणि पुन्हा त्या माणसाचं डोकं खाऊ नका.

साल त्र्याऐंशीचं. चंपतराव कापडमिलमध्ये साच्यावर कामाला होते आणि राहत होते नंदनवन नावाच्या वस्तीत, सासूच्या घरी. घरजावई हा शब्द त्यांच्या तोंडावर कोणी काढत नसे. पाठीमागे सगळी वस्ती काढत असे. लग्न होऊन पोरं मोठी झाली, तरी त्यांची बंडी मेलेल्या सासऱ्याच्या खुंटीला लटके आणि ते जेवत सासऱ्याच्याच पाटावर. स्वतःचं म्हणावं असं त्या घरात एकच होतं : मागच्या अंगणातलं टिनाचं शेड. गाय विकल्यापासून रिकामं. मिलमधून आले की चंपतराव तिथल्या बाजेवर जाऊन बसत. करत काही नसत. बसत.

एक दिवस सासूबाई, अंजनाबाई, सुपारी कातरता कातरता म्हणाल्या, "जवाईबापू, ते शेड पाडून तिथं संडास बांधाचा आहे."

"तिथं मी ससे पाळून राहिलो," चंपतराव म्हणाले.

हे त्यांनाही तेव्हाच कळलं. सावनेरचा त्यांचा जुना दोस्त नत्थूजी ससे पाळत असे, तेच तोंडाला आलं. दुसरा कोणी दोस्त असता तर कदाचित मधमाश्या म्हणाले असते, म्हणजे जे झालं ते त्यातल्या त्यात बरंच झालं.

अंजनाबाईंनी अडकित्ता खाली ठेवला. "पाळा. दिवाळीपर्यंत पिल्लं झाली तर शेड तुमचं. नाही झाली तर संडास."

चंपतरावांनी जरीपटक्याच्या बाजारातून एक मादी आणली. पांढरीफटक, म्हणून नाव गोरी. गोरी शेडभर मोकळी फिरे आणि जे दिसेल त्याला हनुवटी घासे. दाराला घासे, पाण्याच्या परळाला घासे, बाजेच्या खुरालाही घासे. चंपतरावांना वाटलं, माया करते. (ती जागेवर आपली निशाणी लावत होती, हे मागाहून कळलं.) चारा टाकायला हात पुढे केला की मागचा पाय जमिनीवर दाणकन आपटे आणि घशातून गुरगुरे. चंपतरावांना वाटलं, लाजते.

आता नर पाहिजे. ते सावनेरला गेले. नत्थूजी म्हणाला, "माह्याकडं भुऱ्या आहे ना. तुमच्या मादीले इकडं घेऊन या, त्याच्या खुराड्यात सोडू."

चंपतरावांचा चेहरा उतरला. "मुलीवाले मुलगी टोपलीत घालून मुलाच्या दारात नेत नसतात, नत्थूजी. वरात मुलीकडं येते. तुमच्या घरी उलटं आहे का?"

"अजी, ससे आहेत ते!"

"ससे असतील. पण आमच्या घरचे आहेत."

नत्थूजीनं दोनदा सांगून पाहिलं. चंपतराव उठून चपला घालायला लागले, तेव्हा तो म्हणाला, "बरं बाप्पा, येतो आम्ही."

रविवारी सकाळच्या एस्टीनं नत्थूजी आला. डोक्याला रुमाल, मांडीवर टोपली, टोपलीत भुऱ्या. काय गडी होता! मांजरीएवढा. चंपतरावांनी धुतलेली टोपी घातली होती. त्यांची बायको इंदूबाई आरतीचं ताट घेऊन बाहेर आली आणि टोपलीला ओवाळलं. पदर तिनं तोंडात कोंबला होता. तेव्हा चंपतरावांना वाटलं, खोकला असेल. शेजारणी भिंतीवरून वाकल्या. अंजनाबाई खुर्ची टाकून शेडसमोर बसल्या, जशा काही जावई पारखायला.

चंपतरावांनी नवरदेवाला आत सोडलं आणि दाराची कडी घातली.

गोरी आधी हललीच नाही. कान मागे पाठीला चिकटवले. भुऱ्या बिचारा नाक हलवत जवळ गेला. आणि मग काय झालं ते नीट कोणालाच दिसलं नाही, कारण शेडात पिंजाऱ्यानं धनुकली मारावी तसा केसांचा कापूस उडाला. गोरी पुढच्या दोन्ही पायांनी पैलवानासारखी ठोसे मारत होती, मधेच चावत होती. भुऱ्यानं शेडाला तीन फेऱ्या मारल्या आणि मडक्यामागे तोंड लपवलं. बाकीचं अंग बाहेरच होतं. तिनं तिथं चावा घेतला.

"सोडवा ना जी! मारून टाकीन ते त्याले!" नत्थूजी ओरडला.

चंपतराव आत घुसले. नवरदेवाला उचलायला हात घातला, आणि गोरीनं त्या हाताचं बोट धरलं. धरलं म्हणजे धरलंच. कसंबसं बोट सोडवून चंपतराव बाहेर आले, मागे जीव मुठीत घेऊन भुऱ्या, आणि तो थेट घुसला अंजनाबाईंच्या खुर्चीखाली, लुगड्याच्या सावलीत.

अंजनाबाईंनी खाली वाकून पाहिलं. "हा काहून आला गा इथं? राहाले? घरात एक आहे ना आधीच!"

भिंतीवरच्या शेजारणी एकमेकींना कोपरं मारू लागल्या.

नत्थूजी भुऱ्याचा फाटलेला कान दाबून धरत म्हणाला, "म्हणून मी सांगून राहिलो होतो, तिले माह्याकडं आणा. मादीच्या घरात तिचंच राज्य असते. तिथं राहाले गेलेल्या नराचे हेच हाल होतात."

त्याला बिचाऱ्याला सशांबद्दलच बोलायचं होतं. पण सगळी माणसं चंपतरावांकडे पाहत होती. चंपतराव बोटातलं रक्त पाहत होते. वरून टोपी सरळ करायला त्यांनी तोच हात वापरला, त्यामुळे धुतलेली टोपीही गेली. आणि तेव्हा कोणीतरी पहिल्यांदा हसलं. एकजण हसलं, म्हणून मग सगळेच हसले.

गोरीला शेवटी नत्थूजीच घेऊन गेला. भुऱ्याच्या खुराड्यात म्हणे ती गाईसारखी उभी राहिली. पण पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून चंपतराव बोटाला चिंधी बांधून तिला परत घेऊन आले. ते त्यांनी कोणाचं ऐकलं नाही. दिवाळीच्या आधी गोरीनं पोटाचे केस उपटून बाजेखाली गादी केली आणि तिच्यावर गुलाबी पिल्लं घातली.

चंपतराव जिंकले. शेड त्यांचं झालं. अंजनाबाईंनी शब्द पाळला, हे कबूल करावं लागेल.

फक्त त्यांना आत जाता येईना. दारात पाऊल टाकलं की गोरी गुरगुरत अंगावर धावे. अंजनाबाई मात्र मेथीची काडी घेऊन खुशाल बाजेवर बसत, आणि गोरी त्यांच्या पायाला हनुवटी घासे.

चंपतराव त्या दिवशीचं विसरले नाहीत. नत्थूजी मित्र आहे, सासूबाई वडील आहेत, आणि गोरी तर जनावर. त्यांना माफ. पण पहिलं हसू कोणाचं, ते त्यांनी पाठमोरे असूनही ओळखलं होतं. लग्नालग्नातून "ते सशाचं सांगा" म्हणून मागून आवाज देणारंही तेच माणूस. त्यांनी एकदा स्पष्टच सांगितलं, की माफी पाहिजे.

"मागते ना जी," ती म्हणाली. "पण मानाची माफी अशी सैपाकघरात नाही मागत. तुमच्या घरी येऊन मागते. घर कुठं आहे तुमचं, ते सांगा."

"शेडात ये."

"येते. तुम्ही आधी आत जाऊन बसा."

चंपतराव उठून मागच्या अंगणात गेले. दाराची कडी काढली. आत पाय आपटल्याचा आवाज आला. त्यांनी कडी पुन्हा लावली.

ती माफी अजून यायची आहे. इंदूबाईकडून.