गुडगावच्या मराठी वर्गाची बेपत्ता लिंक

“संपूर्ण राजधानी क्षेत्रात,” दाजी सांगतात, “समोरच्याच्या बुटांकडे बघून त्याचं मन ओळखणारा माणूस एकच आहे. तो विनम्र असल्यामुळे स्वतःचं नाव सांगत नाही.” एवढं बोलून ते कार्ड पुढे करतात. कार्डावर नाव असतं: सुभेदार उदयसिंह घाटगे (निवृत्त), गुप्त तपास व दक्षता.

मी नरसिंह, त्यांचा मेहुणा. मला गुडगावात नोकरी लागली तेव्हा शुभदाताईनं मला आपल्याच घरी ठेवून घेतलं. जेवणाची सोय ताईनं केली आणि माझ्या सुट्टीची सोय दाजींनी. मी त्यांचा सहायक झालो. सैन्यात दाजी भांडार विभागात होते. शत्रूची आणि त्यांची कधी गाठ पडली नाही, आणि यात नशीब शत्रूचं होतं असं ते मानतात. हरवलेली ब्लँकेटं शोधण्यात मात्र त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

ही हकिगत २००७ सालची. गुडगावात मोहरीची शेतं मागे हटत होती आणि काचेच्या इमारती पुढे सरकत होत्या. पुण्या-मुंबईहून आलेली मंडळी उंच सोसायट्यांमधून राहत होती, आणि चार मराठी माणसं जमली की मंडळ होतंच, तसं ते इथेही झालं होतं. मंडळाची वेबसाइट होती. सॉफ्टवेअर कंपनीतल्या शार्दूलनं ती त्या उन्हाळ्यात नव्यानं करून दिली. सगळ्यांनी ती उघडून पाहिली, छान म्हटलं आणि बंद केली.

महिन्याभरानं सुनीतीबाई आमच्याकडे आल्या. पहाडगंजच्या मराठी शाळेतून निवृत्त झाल्यावर त्या दर रविवारी क्लबहाउसच्या हॉलमध्ये मुलांचा मराठी वर्ग घेत. नावं वेबसाइटवरून येत. यंदा एकही नाव आलं नव्हतं, आणि हॉल एरोबिक्सवाल्यांना हवा होता.

बाईंनी चहा संपवून कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, “मुलं जिन्याला सीढी म्हणतात, ते मी समजू शकते. पण आईबापांनाच मराठी नको असेल, तर मी इथे कुणासाठी थांबू? नाशिकला भाऊ आहे, तिकडे जाते.”

पालकांना फोन करून विचारलंत का, असं ताईनं विचारलं. विद्यार्थी मागून आणायचे नसतात, असं बाईंचं म्हणणं पडलं. वेबसाइटवर आपण पूर्वीची लिंक शोधली होती आणि ती तिथे नाही, हेही त्यांनी सांगितलं. दाजींनी डोळे मिटले. लिंक नुसती नाहीशी होत नसते, ती पळवली जाते, असं जाहीर करून त्यांनी प्रकरण हाती घेतलं.

पहिला संशय नोएडाच्या मंडळावर गेला. त्यांचा गणपती आमच्यापेक्षा लहान होता, म्हणजे हेतू स्पष्ट होता. दाजी काळा गॉगल लावून, वेषांतर करून त्यांच्या बैठकीला गेले. दारातच कुणीतरी “या घाटगे” म्हणालं. पुरणपोळीचं जेवण करून ते संध्याकाळी परतले, तेव्हा ते नोएडा मंडळाचे आजीव सभासद झाले होते. नोएडा निर्दोष आहे, असा निष्कर्ष त्यांनी ढेकर देऊन सांगितला.

दुसरा संशय मुलांवर. रविवारची सकाळ कुणाला व्याकरणात घालवायची असते? मुलांनीच कट करून लिंक पुसली असणार. कट ऐकायला दाजी बागेत घसरगुंडीमागे दबा धरून बसले. मुलं लपाछपी खेळत होती. सगळ्यात आधी दाजीच सापडले, त्यामुळे त्यांच्यावर राज्य आलं. अंधार पडेपर्यंत ते राज्य काही उतरलं नाही.

राहता राहिला शार्दूल. त्याला बोलावून दाजींनी आधी त्याच्या पायांकडे पाहिलं. तो चपला घालून आला होता, त्यामुळे मन कळेना. शेवटी सरळच विचारावं लागलं.

“लिंक आहे की, काका,” शार्दूल म्हणाला.

कुठे आहे, हे मी विचारणार होतो, पण दाजींनी मला खुणेनं गप्प केलं. शार्दूलला घरी जाऊ दिलं आणि मग मला समजावलं, की चोर नेहमी असंच सांगतो. भांडारातही कागदोपत्री प्रत्येक ब्लँकेट जागेवरच असायचं.

इकडे बाईंनी पुस्तकं खोक्यांत भरायला घेतली होती. ताई त्यांना मदत करून आली ती उतरलेल्या चेहऱ्यानं. जेवणं झाल्यावर ती संगणकापाशी बसली. मंडळाच्या पहिल्या हळदीकुंकवाच्या फोटोत ती आणि बाई शेजारी शेजारी उभ्या होत्या. बाई जाणार, तर तो फोटो छापून द्यावा असं तिच्या मनात होतं. तिनं ‘इतिहास’ वर क्लिक केलं. फोटो होता. खाली आणखी फोटो होते. त्यांच्याखाली, संस्थापकांच्या श्रद्धांजलीच्या लगेच नंतर, निळ्या अक्षरांत लिहिलं होतं: मराठी वर्ग, नाव नोंदवा.

“अहो,” ताई म्हणाली, “हे बघा.”

शार्दूलला पुन्हा बोलावलं. त्यानं शांतपणे सांगितलं, की वरच्या पट्टीत मोजकीच बटणं बसतात. अध्यक्षांचं मनोगत, उपाध्यक्षांचं मनोगत, सत्कार, फोटो आणि इतिहास ही समितीनं आधीच ठरवली होती. शेवटची जागा वर्गासाठी ठेवली होती. “पण मीटिंगमध्ये तुम्ही टेबलावर हात आपटलात, काका. दक्षता विभाग वरच पाहिजे म्हणालात. मग वर्ग कुठेतरी हलवायला लागला. तो खूप जुना आहे, म्हणून इतिहासात टाकला.”

मी ‘दक्षता विभाग’ वर क्लिक केलं. काळ्या गॉगलमधला दाजींचा फोटो उघडला. त्या पानावर दुसरं काहीच नव्हतं.

दाजी बराच वेळ स्वतःकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत मी त्यांना गॉगलशिवाय एवढं गंभीर कधी पाहिलं नव्हतं. मग ते शार्दूलला म्हणाले, “माझं काढ. आत्ता काढ.”

वर्ग वर आला आणि आठवड्याभरात नावं येऊ लागली. दोन-तीन आयांचे तर फोनही आले. लिंक दिसेना, तेव्हा बाईंची तब्येत बिघडली असेल असं त्यांना वाटलं होतं, आणि अशा वेळी विचारायचं कसं म्हणून सगळ्या गप्प होत्या.

दाजी हे सांगायला स्वतः बाईंकडे गेले. मी सोबत होतो. वाटेत मी सुचवलं, की तांत्रिक बिघाड म्हटलं तरी चालेल. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. अर्धवट भरलेल्या खोक्यांपुढे ते सावधान उभे राहिले.

“गुन्हेगार सापडला, बाई. मीच आहे.”

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. आईबापांना मराठी नको नव्हती तर, एवढंच त्या हळू आवाजात म्हणाल्या आणि पदरानं चष्मा पुसत बसल्या. मग चष्मा लावून त्यांनी दाजींना शिक्षा सांगितली: रविवारी दारात उभं राहून मुलांना आत पाठवायचं.

रविवारी दाजी कडक इस्त्रीच्या कपड्यांत हजर होते. ‘नमस्ते अंकल’ म्हणणाऱ्या प्रत्येक मुलाला ते परत पाठवत आणि ‘नमस्कार काका’ म्हणाल्यावरच आत सोडत. त्यामुळे पार लिफ्टपर्यंत रांग लागली.

“घाटगे,” आतून बाईंचा आवाज आला, “शिकवायचं काम माझं आहे. तुम्ही फक्त वाट सोडा.”