आबांची तोंडी परीक्षा

लाइट गेली आणि देवघरातली घंटा वाजली.

मनीषाताई कणीक मळत होत्या. त्या तशाच पिठाच्या हातांनी हॉलमध्ये आल्या. हॉलमध्ये कोणीच नव्हतं. मे महिन्यातली दुपार, बाहेर उन्हाची लू वाहत होती, आणि लखनौच्या विकास नगरच्या त्या गल्लीत चिटपाखरू नव्हतं. पंखा थांबलेला, फ्रिज गप्प. इन्व्हर्टर तर होळीपासूनच अंथरुणाला खिळला होता. त्या शांततेत घंटा आपली किणकिणत होती, आत बसून कुणी बोटाने हलवत असावं तशी. मग मांडणीतली ताटं थरथरली. भिंतीवर सासऱ्यांचा, कैलासवासी आत्माराम घोरपड्यांचा फोटो होता. तो हळूच डावीकडे झुकला आणि सगळं थांबलं.

मनीषाताईंनी फोटो सरळ केला, काचेला लागलेलं पीठ ओढणीने पुसलं आणि म्हणाल्या, "चुकलं, मामंजी." काय चुकलं ते त्यांना ठाऊक नव्हतं. पण सासऱ्यांशी बोलायची त्यांची पद्धत पहिल्यापासून तीच होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा लाइट गेली आणि पुन्हा घंटा वाजली. तिसऱ्या दिवशीही तेच. लाइट असताना मात्र आबांचा फोटो अगदी सज्जनासारखा सरळ असायचा.

"अहो, मामंजी येतायत," मधुसूदनराव निशातगंजच्या बँकेतून घरी आल्या आल्या मनीषाताईंनी नवऱ्याला सांगितलं.

"कुठल्या गाडीने?" बूट काढता काढता मधुसूदनराव बोलून गेले. मग वडिलांना जाऊन तीन वर्षं होऊन गेल्याचं त्यांच्या लक्षात आलं आणि दुसरा बूट पायातच राहिला.

"लाइट गेली की येतात."

"अगं, लाइट गेली की माणसाला भास होतात."

"मला तर वाटतं, लाइट तेच घालवतात. रिकाम्या खोलीत पंखा चालू दिसला की मामंजी काय करायचे, आठवा बघू."

मधुसूदनरावांना आठवलं. आबांनी साताऱ्याकडच्या साखर कारखान्यात फिटर म्हणून जन्म काढला, आणि उरलेला जन्म घरभर फिरून बटणं बंद करण्यात. खोलीत पाहुणा बसलेला असला तरी ते पंखा बंद करत.

"पण ते आपल्याकडे कशाला येतील?" मधुसूदनरावांनी विचारलं खरं, पण उत्तर त्यांना ठाऊक होतं. कारण आबांना यायला कारण होतं, आणि ते मधुसूदनरावांनीच दिलं होतं.

आबांच्या दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. कावळे होते, चांगले झाडभर होते. पण एकही खाली उतरेना. नातेवाईकांनी रीतीप्रमाणे आबांची राहिलेली इच्छा शोधायला सुरुवात केली. कुणी म्हणालं, "आबा, विहिरीचा वाद मिटवतो." कुणी म्हणालं, "आबा, धाकटीचं लग्न लावून देतो." धाकटीचं लग्न होऊन तिला दोन मुलं होती, पण उन्हात माणूस काहीही बोलतो. मधुसूदनरावांची संध्याकाळची लखनौची गाडी होती. अखेर ते हात जोडून मोठ्याने ओरडले, "आबा, सुश्रुत मेकॅनिकल इंजिनिअर होईल! एकदाही नापास न होता!"

कावळा झपकन खाली आला.

मधुसूदनरावांचा मुलगा सुश्रुत तेव्हा बारावीत होता आणि त्याला हॉटेल मॅनेजमेंटला जायचं होतं. पण त्याला कोण विचारतो? पोराचं शिक्षण थेट कावळ्याशी ठरलं होतं. शहराबाहेरच्या एका कॉलेजात त्याला प्रवेश मिळाला, आणि दर सेमिस्टरला मधुसूदनराव आबांच्या फोटोपुढे उदबत्ती लावून नवे विषय वाचून दाखवू लागले. इंजिनिअरिंग ड्रॉइंग झालं, थर्मोडायनॅमिक्स झालं, फ्लुइड मेकॅनिक्स झालं. "आबा, या खेपेला डायनॅमिक्स ऑफ मशीन्स आहे," असं त्यांनी हिवाळ्यात सांगितलं होतं. म्हणजे यंत्रं फिरताना का थरथरतात, याचा विषय.

त्याच विषयात सुश्रुत नापास झाला होता. कॉलेजातली पोरं याला 'बैक लगना' म्हणतात. घरी मात्र त्याने मेच्या सुरुवातीला, निकालाच्या दिवशी, "सब क्लियर!" असं सांगितलं. मनीषाताईंनी शिरा केला, आबांना नैवेद्य दाखवला आणि वाटीभर खाली घरमालकांनाही पाठवला. जूनमध्ये कॅरी ओव्हरची, म्हणजे राहिलेला विषय पुन्हा देण्याची, परीक्षा होती. ती गुपचूप देऊन पास व्हायचं आणि घरी कुणाला पत्ताच लागू द्यायचा नाही, असा त्याचा बेत होता. त्या परीक्षेतही आपटला तर मात्र सगळंच बाहेर येणार होतं. बेत चांगला होता, फक्त त्यात अभ्यास कुठेच बसत नव्हता.

रविवारी दुपारी तिघं जेवायला बसले होते.

"सुश्रुत," मनीषाताई आमटी वाढता वाढता म्हणाल्या, "तुझं कॉलेजचं सगळं ठीक आहे ना रे? मामंजींना कसली काळजी लागलीय कोण जाणे."

"हाँ मम्मी, एकदम ठीक. सारे सब्जेक्ट क्लियर हैं, बताया तो था."

लाइट गेली.

पंख्याची पाती एकेक दिसू लागली आणि थांबली. कुणी घास उचलला नाही. मग घंटा किणकिणली. ताटातली आमटी कडेकडेने शहारली. आबांचा फोटो झुकला, आणि या खेपेला इतका झुकला की आबा भिंतीवरून मान वाकडी करून थेट सुश्रुतच्या ताटात बघू लागले. मधुसूदनरावांनी हे पहिल्यांदाच डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांच्या हातातली पोळी हातातच राहिली.

"बघितलंत?" मनीषाताई पुटपुटल्या.

सुश्रुतला घाम फुटला. लखनौच्या मे महिन्यात घामाचं कुणाला नवल वाटत नाही, म्हणून तो वाचला.

"अरे, तू होणारा इंजिनिअर आहेस," मधुसूदनराव आवाज सावरून म्हणाले. "सांग की, हे काय असतं?"

"देखता हूँ पापा," सुश्रुत म्हणाला आणि त्या दिवसापासून खरोखरच बघू लागला. अभ्यासाची गोडी लागली होती असं नाही, तो चक्क घाबरला होता. खोलीत एकट्याला बसवेना, म्हणून त्याने पुस्तकं हॉलमध्ये आणली. तिथे आबा समोर. पान उलटताना त्याची नजर भिंतीकडे जायची, आणि आबा सरळ असले की त्याला जास्तच भीती वाटायची, कारण ते कधी वाकतील याचा नेम नव्हता. मनीषाताई येता जाता म्हणायच्या, "बघा, पोरगं किती अभ्यास करतंय," आणि पोरगं लाजेने आणखी खाली वाकायचं.

असा तो पुढच्या रविवारी चौथ्या युनिटपर्यंत पोचला. फिरणाऱ्या शाफ्टचा क्रिटिकल स्पीड. परीक्षेत हाच प्रश्न त्याने कोरा सोडला होता. पुस्तकात लिहिलं होतं की तोल गेलेलं चाक पूर्ण वेगात असताना फारसं हलत नाही. त्याचा एक ठराविक, कमी वेग असतो. त्या वेगाला ते सगळ्यात जास्त थरथरतं आणि ज्याला जोडलेलं असेल त्यालाही थरथरवतं. यंत्र सुरू होताना तो वेग झटकन मागे पडतो. बंद केल्यावर मात्र चाक रमतगमत मंदावतं आणि पुन्हा त्याच वेगातून जातं.

सुश्रुतने ते वाक्य पुन्हा वाचलं आणि ताडकन उठून भिंतीला तळहात लावून उभा राहिला.

"काय झालं रे?" मनीषाताईंनी घाबरून विचारलं.

"लाइट जाने दो मम्मी, बस एक बार."

लखनौच्या उन्हाळ्यात ही इच्छा पुरी व्हायला वेळ लागत नाही. लाइट गेली. शांतता पसरली. आणि त्याच्या तळव्याखाली भिंत खालून वर कापत आली, जनावराच्या पाठीवरून शहारा जावा तशी. वर घंटा वाजली, पण तोवर सुश्रुत जिना उतरत होता.

खाली घरमालक सतीश बाबू राहत. सिंचन खात्यातून निवृत्त झालेले अदबशीर गृहस्थ. ते हाताच्या पंख्याने वारा घेत बसले होते. त्यांच्या खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर भला मोठा कूलर होता, आणि तो स्टँड घोरपड्यांच्या हॉलखालच्या भिंतीत पक्का ठोकलेला होता. कूलरचं पातं अजून हळूहळू फिरत होतं.

"आइए बरख़ुरदार, तशरीफ़ रखिए."

"अंकल, आपके कूलर की पंखड़ी टेढ़ी है क्या?"

"अरे, आपको कैसे मालूम?"

सुश्रुतला हसावं की नाचावं कळेना. भूत नव्हतं! लाइट असताना कूलर पूर्ण वेगात शांत फिरायचा, आणि सुरू होताना सगळ्या घराच्या गोंगाटात काही कळायचं नाही. लाइट गेली की तो मंदावत त्या एका वेगाशी यायचा आणि अख्खी भिंत हलवून जायचा. यंत्रं बंद पडल्यावर यंत्राचा संशय कोण घेणार? आता वर जाऊन हे आईबाबांना ऐटीत सांगायचं, आबांना भिंतीवर सरळ बसवायचं आणि बैकचा विषय आपल्या पोटातच ठेवायचा. सगळं किती सोपं झालं होतं.

"पंखड़ी टेढ़ी कैसे हुई, अंकल?" जाता जाता त्याने विचारलं.

"अब क्या बताएँ मियाँ," सतीश बाबू खुर्चीत पुढे सरकले. "जिस दिन भाभीजी ने आपके पास होने का हलवा भिजवाया था न, उसी दिन की बात है. हमने पहला चम्मच मुँह में रखा ही था कि एक कौआ सीधा आकर कूलर में घुस गया. फटाक! हमने समझा, गया बेचारा. मगर जनाब, पंखड़ी मुड़ गई, और उसे खरोंच तक नहीं आई. मुँडेर पर बैठकर पर झाड़े और ऊपर आपके घर की तरफ़ देखता रहा. तब से रोज़ आता है. वो देखिए, बैठा है."

गच्चीच्या कठड्यावर एक कावळा बसला होता. त्याने मान डावीकडे झुकवली. फोटो झुकतो अगदी तितकीच.

सुश्रुत एकेक पायरी मोजत वर आला.

"काय निघालं?" दोघांनी एकदम विचारलं.

"कूलर," सुश्रुत म्हणाला. मग खाली बसला आणि त्याला रडूच आलं. "पापा, मेरी बैक लगी है. एका विषयात नापास झालोय मी. झूठ बोला था." आणि मग त्याने कावळ्याचंही सांगितलं.

मनीषाताईंनी तोंडावर हात ठेवला. मधुसूदनराव चिडतील असं दोघांना वाटलं होतं, पण ते खुर्चीत खचले आणि कपाळाला हात लावून म्हणाले, "'एकदाही' म्हणालो होतो रे मी! नुसतं 'इंजिनिअर होईल' म्हणालो असतो तरी तो उतरला असता. 'एकदाही' म्हणायला कुणी सांगितलं होतं मला?"

पाचच मिनिटांत घोरपडे कुटुंब गच्चीवर उभं होतं. कठड्यावर वरणभात आणि तूप वाढलेलं केळीचं पान ठेवलं होतं, आणि पलीकडे कावळा बसला होता. ऊन मी म्हणत होतं. कावळा पानाकडे ढुंकूनही बघेना.

मधुसूदनरावांनी घसा खाकरला. आयुष्यभर लोकांना मुदतवाढ देणारा माणूस, आज मागायला उभा होता. "आबा, कॅरी ओव्हर म्हणून एक सोय असते. युनिव्हर्सिटीच देते ती, आपण आपल्या मनाने घेत नाही. एकदाच. नियमात बसतं."

कावळ्याने दुसरीकडे पाहिलं.

"आबा," मधुसूदनरावांचा आवाज उतरला, "मी शब्द देताना पोराला विचारायला हवं होतं. विचारलं नाही. चुकलं माझं."

कावळा एक उडी पुढे आला आणि थांबला. आता तो सुश्रुतकडे बघत होता.

"तू बोल," मनीषाताईंनी त्याला पुढे ढकललं. "आणि मराठीत बोल. मामंजींना हिंदी यायची नाही."

"आबा," सुश्रुत अडखळत म्हणाला, "ती घंटा का वाजते, मी सांगतो. कूलरचा पंखा पूर्ण स्पीडला असला की शांत असतो. मग लाइट जाते आणि तो हळू हळू होत येतो. मध्ये एक स्पीड येते... येतो. तिथे सगळं हलतं. तिथे थांबायचं नसतं, आबा, तिथून पटकन निघून जायचं. थांबला तर यंत्र तुटतं." तो एक पाऊल पुढे सरकला. "मी तिथेच थांबलो होतो. आता नाही थांबणार. या पेपरात मी पास होऊन दाखवतो."

कावळा क्षणभर तसाच बसला. उत्तर तपासत असावा. मग तो पानावर उतरला, आणि तुपाकडून सुरुवात करत वरणभात खाऊ लागला. मधुसूदनरावांनी रुमालाने डोळे पुसले. मनीषाताई म्हणाल्या, "मीठ बरोबर झालंय वाटतं."

घरात येऊन त्या फोटो सरळ करायला गेल्या, तेव्हा सुश्रुत म्हणाला, "राहू दे मम्मी. पेपर होईपर्यंत असू दे तसाच."

तेवढ्यात खालून सतीश बाबूंची हाक आली, "बरख़ुरदार! मिस्त्री को बुला लिया है. पंखड़ी बदलवा दें न?"

"नहीं!" तिघंही एकदम ओरडले. मधुसूदनराव तर जिन्यापर्यंत धावत गेले. "जून तक रहने दीजिए, सतीश बाबू! मेहरबानी होगी!"

लाइट गेली. पंखा मंदावत थांबला. तिघं जागच्या जागी उभे राहून वाट बघू लागले, आणि घंटा वाजल्यावर सुश्रुतने कुणी न सांगता पुस्तक उघडलं.